क्रियापदाचं परमिट

३ जानेवारी, सकाळी

सावित्रीमाईंची जयंती. संकल्पाला याहून योग्य दिवस नाही. आजपासून रोजनिशी लिहिणार. शुद्ध मराठीत लिहिणार. आमच्या घरी सगळे 'करून राहिली', 'जाऊन राहिला' असं बोलतात. त्याची सावलीही या पानांवर पडू देणार नाही.

मुख्य मुद्दा. आपली माणसं मागे का पडली, यावर मी बी.ए.ची तिन्ही वर्षं विचार करून राहिले. (चूक. विचार करत होते.) उत्तर सापडलं आहे. क्रियापद.

भिलाईत इंग्रजी नामांना तोटा नाही. आमच्या सेक्टर १०च्या लाइनीत शाळेत न गेलेली बाईसुद्धा फर्नेस, क्रेन, शटडाउन, गेटपास, ओव्हरटाइम, पीएफ असं दिवसभर बोलते. सगळी नामं. इंग्रजी क्रियापद एकही नाही. म्हणजे आपल्याजवळ सगळ्या वस्तू आहेत, पण घडत काहीच नाही. हे याआधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही याचं आश्चर्य वाटतं. नम्रपणे नोंदवून ठेवते.

योजना: बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत मोफत इंग्रजी वर्ग. फक्त क्रियापदं. चौदा एप्रिलला, जयंतीच्या स्टेजवर, माझे विद्यार्थी इंग्रजीत बोलतील. मी स्वतः दहा मिनिटं बोलेन. कागद न घेता.

३ जानेवारी, संध्याकाळी

घरी सांगितलं. बाबा स्टील प्लान्टमध्ये क्रेन चालवतात. वर्षानुवर्षं उंचावर एकटे बसून त्यांना कमी बोलायची सवय झाली आहे. म्हणाले, "जयंतीपर्यंत कर. जमलं तर चांगलंच हाय. नाही जमलं तर सुपेल्याले मारोतरावच्या भाच्याचं टाइल्सचं दुकान हाय, त्याले बिलिंगले पोरगी पायजे. तिथं जाजो. घरात पयली ग्रॅज्युएट तू, घरातच नको बसू." मी ताबडतोब कबूल झाले. तशी वेळ येणारच नाही, तेव्हा कबूल व्हायला काय जातं.

आईनं विचारलं, "इंग्लिश तू कोनासंग बोलते आता?" मी समजावलं की भाषेचा पाया व्याकरण, बोलणं हा नंतरचा भाग. आई म्हणाली, "म्हंजे कोनासंगच नाही." माझी धाकटी बहीण रोशनी मोबाइलमधून डोकं न काढता हसली. मुद्दा दोघींनाही कळला नाही.

७ जानेवारी

विहार समितीचे अध्यक्ष मारोतराव काका यांना भेटले. ते रेल्वेत गार्ड होते, दुर्ग लाइनीवर. रिटायर झाले तरी माइक दिसला की काहीतरी जाहीर करतातच. खोली द्यायला लगेच तयार. म्हणाले, "बेटा, जयंतीले तुझं भाषन पक्कं. पत्रिकेत नावच छापून टाकतो." छापा म्हटलं.

१२ जानेवारी

पहिला वर्ग. खोली भरली. बहुतेक सगळे प्लान्टमधले ठेक्यावरचे कामगार, काही कॉलेजच्या मुली. दोन विद्यार्थ्यांची नोंद करते.

एक, रूपेश. वेल्डर. मस्कतच्या एका कामासाठी दुर्गला एजन्सीवाले वेल्डर निवडणार आहेत, बावीस मार्चला. वेल्डिंगची त्याला चिंता नाही. पण तिथं आधी इंग्रजीत प्रश्न विचारतात. तिथंच अडकलं की वेल्डिंग करून दाखवायची पाळीच येत नाही. गोंदियाकडची मुलगी त्याला पसंत आहे, तिलाही तो पसंत आहे, पण तिचे वडील म्हणतात ठेक्यावरच्याला देणार नाही. म्हणून ही धडपड. संध्याकाळची ड्यूटी आली की दुसऱ्याशी बदलून घेईन, पण वर्ग चुकवणार नाही म्हणाला. मी त्याला शब्द दिला: बावीस मार्चला तुझ्या तोंडून एकही चुकीचं क्रियापद निघणार नाही.

दुसरे, नरहरी काका. कॅन्टीनमध्ये चहा करतात. नात पुण्याला इंग्लिश मीडियममध्ये आहे, व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलायचं आहे. मी सगळ्यांना स्वतःची ओळख करून द्यायला सांगितलं. काका उभे राहिले. "आय टी मेक. यू टी ड्रिंक. ऑल हॅपी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिन्ही वाक्यांतल्या चुका फळ्यावर मांडल्या. खोलीतला आनंद थोडा कमी झाला, पण ज्ञान वाढलं.

१८ जानेवारी

आज क्रियापदाचं खरं सौंदर्य उलगडून दाखवलं. 'आय वर्क्ड हिअर' म्हणजे काम संपलं, दार लागलं. 'आय हॅव वर्क्ड हिअर' म्हणजे काम झालं, पण त्याचा धागा आजपर्यंत पोचला आहे. 'आय हॅव बीन वर्किंग हिअर' म्हणजे तेव्हापासून सुरूच आहे, अजून थांबलेलं नाही. माणूस तोच, जागा तीच. क्रियापदाचं रूप बदललं की आयुष्याचा अर्थ बदलतो. हे वाक्य मी फळ्यावर लिहून दोनदा अधोरेखित केलं.

रूपेशनं हात वर केला. "मॅडम, मी आठ साल से वेल्डिंग करून राहिलो. पर ठेकेदार बदलला की गेटपास नवा. मधात महिनाभर घरी. फिर से भरती. तो मेरा हॅव बीन वर्किंग हुआ, कि हर बार नया वर्क्ड?"

हा प्रश्न सिलॅबसच्या बाहेरचा आहे असं मी सांगितलं. घरी आल्यावर उत्तर सुचेल असं वाटलं होतं. जेवण झालं. उद्या बघेन.

२४ जानेवारी

तक्रार. वर्गात बोलणं फार. ज्याला जे सुचेल ते तो इंग्रजीत बोलतो. आज नरहरी काकांनी कॅन्टीनमध्ये दूध उतू गेल्याची गोष्ट सांगितली. "मिल्क गो अप. आय सी मोबाइल. मिल्क फिनिश. साहब कम." संपूर्ण गोष्टीत एक क्रियापद जागेवर नव्हतं, आणि लोक हसून हसून बेंचावरून घसरत होते. पुढे साहेब काय म्हणाले, हे सगळ्यांना इंग्रजीतूनच ऐकायचं होतं. मी एकटी गंभीर. मारोतराव काका खिडकीतून म्हणाले, "मस्त चालून राहिला क्लास." त्यांना बाहेर फक्त आवाज ऐकू येतो.

या गतीनं चौदा एप्रिल गाठता येणार नाही. उपाय शोधणार.

२९ जानेवारी

सापडला. आणि सापडला तो बाबा जेवताना.

बाबा आईला सांगत होते की आज एक नवा पोरगा परमिट न घेता मशीनला हात लावायला निघाला, तर सगळे त्याच्यावर ओरडले. प्लान्टमध्ये कुठलंही दुरुस्तीचं काम करायच्या आधी परमिट लागतं. लाइन बंद केली का, लाल टॅग लावला का, हे तपासायचं. मग दुसरा माणूस स्वतः बघतो आणि म्हणतो, 'क्लिअर.' त्याशिवाय बोटही लावायचं नाही.

माझा घास हातातच राहिला. आपल्या चुका का होतात? कारण आपण परमिट न घेता क्रियापदाला हात लावतो.

नियम तयार केला आहे. वाक्य तोंडातून काढायच्या आधी मनात चार प्रश्न. कोण? एक की अनेक? केव्हा? संपलं की चालू? मग वाक्य शेजाऱ्याच्या कानात सांगायचं. शेजाऱ्यानं 'क्लिअर' म्हटलं तरच मोठ्यानं बोलायचं. चूक झाली तर गळ्यात लाल टॅग. टॅगसाठी रोशनीच्या जुन्या फाइलचं लाल कव्हर कापलं. ती ओरडली. क्रांतीत असं होतं.

२ फेब्रुवारी

यश. आणि तेही पहिल्याच दिवशी. दुसऱ्या एखाद्या गावात ही पद्धत समजावण्यात महिना गेला असता. आमच्या लोकांना समजवावी लागलीच नाही. परमिट म्हणताच सगळे ताठ बसले. रूपेश म्हणाला, "ये सिस्टम अपने को जमता है, मॅडम." त्याच्या वेल्डिंगच्या गटातला एक मुलगा 'क्लिअर' न मिळताच तोंड उघडणार होता, तर रूपेशनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

तासाभरात एकूण एकच चूक. अर्थात नरहरी काकांची.

८ फेब्रुवारी

प्लान्टच्या गेटवर अपघात न झालेल्या दिवसांचा बोर्ड असतो, तसा बोर्ड मी वर्गासाठी रंगवला. वर लिहिलं: 'चूकरहित दिवस'. खाली आकडा खडूनं. रोज वर्ग संपला की रूपेश उठतो, आकडा पुसतो, पुढचा लिहितो आणि एक पाऊल मागे सरून बघतो. त्याला या बोर्डाचा फार अभिमान आहे. मलाही.

१५ फेब्रुवारी

आजही पूर्ण वर्गात एकही चूक नाही. वाक्यंही फार झाली नाहीत. एका मुलीनं 'शी गोज' म्हटलं आणि कुठे जाते ते उद्यावर ठेवलं. खोलीत इतकी शांतता होती की पंख्याची करकर ऐकू येत होती. मारोतराव काका खिडकीतून डोकावले आणि दबक्या आवाजात विचारलं, "ध्यान लावून बसले का सारे?"

ज्ञानाचं वातावरण असंच असतं.

२० फेब्रुवारी

नाइलाजानं कठोर व्हावं लागलं. नरहरी काका शेजाऱ्याच्या कानात वाक्य सांगतच नाहीत. म्हणतात, "कानात सांगितलं तं तो समजला ना बेटा, मंग मोठ्यानं कायले सांगू?" वर 'क्लिअर' न मिळताच बोलून मोकळे. आज त्यांनी "येस्टरडे माय नात क्राय, आय ऑल्सो क्राय" असं म्हटलं आणि बोर्डावरचा आकडा शून्यावर आला. रूपेशचा चेहरा पडला.

काकांना बोर्ड स्थिर होईपर्यंत बाहेर बसायला सांगितलं. ते रागावले नाहीत. थर्मास घेऊन विहाराच्या पायरीवर बसले. खिडकीतून सारखा त्यांचा आवाज येत होता. येणाजाणाऱ्याशी इंग्रजीत बोलत होते. बाहेरच्या चुका बोर्डात धरायच्या नाहीत असं ठरवलं.

२५ फेब्रुवारी

परमिट घरीही लागू करण्याचा प्रयत्न. मराठी क्रियापदांसाठी. आईला सांगितलं की 'करून राहिली' हे अशुद्ध, 'करत आहे' म्हणायचं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "आनि मी सकाळपासून चुलीसमोर मरून राहिली, थे कोन्त्या टेन्समधे टाकू?" मी म्हटलं, 'मरत आहे.' आई म्हणाली, "मरत आहे म्हटलं का मरते मानूस. मरून राहिलो म्हटलं का भाकरीबी होते."

मी लाल टॅग दाखवला. आईनं तो माझ्या हातातून घेतला आणि गॅसच्या बटणाला लटकवला. "घे. शटडाउन." रोशनी म्हणाली, "दीदी, अब परमिट ला, नहीं तो खाना नहीं." बाबांनी शर्ट घातला आणि आम्हा दोघांसाठी समोसे आणले.

घर हे वर्गाइतकं प्रगत नाही. तिथं सक्ती करणार नाही.

४ मार्च

काही विद्यार्थी येईनासे झाले. कॉलेजच्या मुली सगळ्याच. एकीनं रोशनीला सांगितलं की, तुझ्या दीदीच्या वर्गात जीभ झोपी जाते. अशा उथळ लोकांची गळती व्हायचीच. उरतो तो गाभा. गाभ्यात सध्या रूपेश आणि त्याच्या गटातले दोघं आहेत. बोर्डावरचा आकडा आतापर्यंतचा सर्वांत मोठा.

नरहरी काकांच्या पायरीवर मात्र गर्दी असते. चहा फुकट असला की होणारच.

११ मार्च

माझ्या भाषणाची तयारी. पहिलं वाक्य ठरलं: 'वी हॅव बीन वेटिंग.' आम्ही वाट पाहत आलो आहोत. शतकानुशतकं, आणि अजूनही. यात सगळं आलं. कोण: आम्ही. एक की अनेक: अनेक. केव्हा: तेव्हापासून आजपर्यंत. संपलं की चालू: चालू. या वाक्यात फट शोधून दाखवावी.

मोठ्यानं म्हणून पाहिलेलं नाही. क्वार्टरच्या भिंती पातळ आहेत, शेजाऱ्यांना त्रास नको. आईनं विचारलं, सराव करतेस का. मनातल्या मनात करते म्हटलं. आई म्हणाली, "मनातल्या मनात मी बी कलेक्टर हावो."

१७ मार्च

रूपेशची रंगीत तालीम. मी मुलाखत घेणारी झाले. 'व्हॉट इज युअर नेम' उत्तम. चारही प्रश्न मनात म्हणतो ते ओठांवरून दिसतं. मग 'हाउ लाँग हॅव यू बीन वर्किंग?' इथे अडकला. कोण, झालं. एक की अनेक, झालं. केव्हा, झालं. 'संपलं की चालू' इथे थांबला. म्हणाला, "मॅडम, जुना ठेका फेब्रुवारी में खतम. नवे का गेटपास आया नहीं. अभी बोलूँ तो क्या बोलूँ, चालू कि बंद?"

जानेवारीतलाच प्रश्न. मी म्हटलं, चुकीचं क्रियापद वापरण्यापेक्षा गप्प राहिलेलं केव्हाही चांगलं. गप्प माणसाचं अज्ञान सिद्ध होत नाही. त्यानं मान हलवली. शिस्तीचा मुलगा आहे.

२१ मार्च

उद्या रूपेशची मुलाखत. मी सोबत जाणार होते, पण भाषणाचं दुसरं वाक्य सुचायच्या बेतात आहे. नरहरी काका जाणार आहेत त्याच्याबरोबर. मी रूपेशला बजावलं की काकांना आत नेऊ नकोस.

निकालाची मला खात्री आहे. मस्कतहून तो मला पहिलं पत्र इंग्रजीत लिहील. मी ते जयंतीच्या दिवशी वाचून दाखवीन.

२२ मार्च, संध्याकाळी

दोघंही विहारात आले. काका थर्मास आदळून बसले, माझ्याकडे बघेनात. रूपेशनं सगळं सांगितलं.

साहेबांनी नाव विचारलं. यानं सांगितलं. साहेब "गुड" म्हणाले. मग नेमका तोच प्रश्न आला, किती वर्षांपासून काम करतोस. यानं चार प्रश्न सुरू केले. तिसऱ्यापर्यंत गेला. चौथ्यावर थांबला. मग ठरवलं की 'चालू' म्हणू. पण 'क्लिअर' म्हणायला शेजारी कोणी नव्हतं. यानं शेजारी बघितलं. रिकामी खुर्ची. साहेबांनी पुन्हा विचारलं. मग हिंदीत विचारलं, "अरे भाई, वेल्डिंग आती है कि नहीं?" हिंदीत परमिट लागतं की नाही हे मी सांगितलं नव्हतं. म्हणून त्या प्रश्नालाही हा गप्प राहिला.

तेव्हा दार ढकलून नरहरी काका आत गेले. "सर, धिस बॉय वेल्डर. आय सी. एट इयर वेल्ड. ऑल जॉइंट गुड. ओन्ली माउथ बंद, हँड नॉट बंद." साहेब हसले, काकांशी हात मिळवला आणि म्हणाले, तुम्ही वेल्डर असता तर आत्ता घेतलं असतं. पण तिथं आग लागली तर हा ओरडणार कसा? पुढच्याला बोलवा.

रूपेशला वेल्डिंग करून दाखवायची पाळी आलीच नाही.

मला वाटलं आता तो मला काहीतरी बोलेल. तो उठला, बोर्डाजवळ गेला, जुना आकडा पुसला आणि पुढचा लिहिला. एक पाऊल मागे सरून बघितलं. म्हणाला, "मॅडम, एक भी गलती नहीं की मैंने. आपका बोर्ड मी खराब नाही होऊ दिला."

२३ मार्च

शांतपणे विचार केला. दोष एजन्सीचा आहे. अचूक माणसाची वाट पाहायला वेळ लागतो, तो त्यांच्याकडे नव्हता. तत्त्वतः रूपेश उत्तीर्ण आहे. मी दिलेला शब्द होता की एकही चुकीचं क्रियापद निघणार नाही. निघालं नाही.

आई जेवताना म्हणाली, "त्या पोराचं वाटोळं करून राहिली तू." मी तिचं क्रियापद दुरुस्त केलं नाही. भूक नव्हती.

३ एप्रिल

गोंदियाकडच्यांनी रूपेशला कळवलं की विचार करून सांगतो. हे रोशनीनं मला सांगितलं. तो वर्गाला येतो. गटातले दोघंही यायचे थांबले, शेजारी बसणारा कोणी नाही, म्हणून 'क्लिअर' मी म्हणते. त्याला बोलायचंच नसतं, म्हणून तेही म्हणावं लागत नाही. बोर्डाचा आकडा पुढे जात राहतो.

परीक्षा अजून झालेली नाही. चौदा तारखेला माझं भाषण ऐकलं की पद्धत बरोबर होती हे सगळ्यांना दिसेल. रूपेशलाही धीर येईल. खरं म्हणजे आता मी त्याच्यासाठीच बोलणार आहे.

आज आरशासमोर उभी राहिले. 'वी' म्हटलं. मग आई आली.

१४ एप्रिल, सकाळी

पांढरी साडी. आईनं इस्त्री करून दिली. पत्रिकेत नाव मोठ्या अक्षरात: कु. सुजाता देवीदास, बी.ए., इंग्रजीतून मार्गदर्शन. बाबांनी पत्रिका घडी न करता शर्टाच्या खिशात ठेवली आहे, नाव वर दिसेल अशी. प्लान्टमधून सुट्टी घेतली त्यांनी. मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा.

दहा वाक्यं पाठ आहेत. सगळी तपासलेली.

१४ एप्रिल, संध्याकाळी

जे झालं ते क्रमानं लिहिते.

मारोतराव काकांनी माझं नाव पुकारलं. मी वर गेले. जय भीम म्हटलं. सगळ्यांनी जय भीम म्हटलं. पटांगण भरलं होतं, मागे गेटपर्यंत लोक उभे होते. माइक हातात घेतला.

कोण: आम्ही. एक की अनेक: अनेक. केव्हा: तेव्हापासून आजपर्यंत. संपलं की चालू.

संपलं की चालू. मी समोर बघितलं. रूपेश तिसऱ्या ओळीत बसला होता.

चालू, असं मी ठरवलं. मग शेजारी बघितलं. शेजारी फक्त पाण्याचा जग होता.

लोक आदरानं बसून होते. मग मारोतराव काका माझ्या बाजूला आले, दुसरा माइक घेतला आणि जाहीर केलं की सुजाताबाईंनी महामानवाला मौन राहून अभिवादन केलं आहे, तरी सर्वांनी आपापल्या जागी उभं राहावं. सगळं पटांगण उभं राहिलं. कडेवरची पोरं धरून बायाही उभ्या राहिल्या. कोणी खोकलंही नाही. मी माइक धरून मधोमध.

तेवढ्यात तिसऱ्या ओळीतून आवाज आला. "क्लिअर है, मॅडम. बोलो."

रूपेश. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यानं खरंच मला परमिट दिलं. त्याच्या बाजूनं नरहरी काकाही म्हणाले, "क्लिअर, बेटा, क्लिअर." मग आणखी दोघं-तिघं.

मी तोंड उघडलं. काही आलं नाही. मराठीही नाही.

मग बाबा दिसले. उभ्या असलेल्या लोकांत त्यांनी एक हात वर केला होता. तळवा खाली, आणि सावकाश खाली, पुन्हा वर, पुन्हा सावकाश खाली. तो इशारा मला लहानपणापासून माहीत आहे. खालचा माणूस क्रेनवाल्याला करतो तो. लोड उतरव, घाई नको. बाबा वरून हा इशारा इतकी वर्षं बघत आले. आज त्यांनी खालून केला.

मी उतरले.

१५ एप्रिल

माइक आधी तपासून घ्यायला हवा होता.

१६ एप्रिल

माइक चांगला होता.

२८ एप्रिल

सुपेल्याचं दुकान. आठवडा झाला. सकाळी जाते. बिलं करते. संध्याकाळी येते. गिऱ्हाईक हिंदीत बोलतं, कोणी छत्तीसगढीत. मालक चांगला आहे.

आज एक साहेब आले. इंग्रजीत विचारलं, बाथरूमसाठी पाय न घसरणारी टाइल आहे का. मी वाक्य तयार करत होते. तेवढ्यात मालकाचा मुलगा म्हणाला, "येस सर, कम सर, सी सर." साहेब आले, त्यांनी बघितली, गाडीत टाकून घेऊन गेले. बिल मी केलं. बिलात सगळी नामंच असतात.

रोशनी संध्याकाळी विहारावरून आली. मागच्या खोलीत वर्ग भरतो म्हणाली. कॉलेजच्या मुलीही येतात. शिकवणारं कोणी नाही. नरहरी काका थर्मास आणतात आणि सगळे एकाच वेळी बोलतात. माझा बोर्ड भिंतीवरून काढला आहे. चहाचे कप ठेवायला ट्रे म्हणून चालतो. रूपेश पुढच्या महिन्यात रायपूरला दुसऱ्या एजन्सीकडे जाणार आहे. काल त्यानं पूर्ण वर्गासमोर सांगितलं, "आय एट इयर वेल्डिंग. ठेकेदार चेंज, आय नॉट चेंज." लोकांनी बेंच वाजवले.

मी त्यात किती चुका आहेत ते मोजलं नाही. जानेवारीपासून मी ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते, ते हेच असावं.

रूपेशनं निरोप दिला म्हणे, "दीदी को बोल, बिना परमिट के चालून राहिलं, येऊन जा." मॅडम नाही म्हणाला. दीदी म्हणाला. रोशनीनं हे दोनदा सांगितलं. मी बघू म्हटलं.

आईनं आतून विचारलं, "सुजे, का करून राहिली वं?"

म्हटलं, लिहून राहिली.